रेल्वेच्या काळातलं राजांगणाचं घर: चुना, चिरा आणि वाटण्या

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घराविषयी सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सांगणाऱ्याला नीट सांगता येईल.

मुरगाव बंदरातून घाटावर जाणारी रेल्वे 1888 साली सुरू झाली, त्याच्या आगेमागे हे घर उभं राहिलं असं घरात सांगत आले. मुंबईत बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनस पुरं होत होतं, तोच हा काळ. बाहेरून पाहिलं तर घर पोर्तुगीज वळणाचं वाटतं. दर्शनी भिंतीत ओळीने उंच कमानदार खिडक्या, त्यांना ओतीव लोखंडाचे कठडे, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बसायला सोपे, म्हणजे बांधीव बाकं. उंबरा ओलांडला की मात्र आपलं जुनं घर सुरू होतं. मधोमध राजांगण आणि तुळस, चहूबाजूंनी वसरी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जोत्यावर लाकडी खांब. एका अंगाला देवघर, त्याला लागून काळोखी बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर, कोठार, न्हाणी. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची लाकडी चौकट चौकातल्या तुळयांना कायमची टांगलेली आहे.

आता अडचण. घरात सध्या धाकटी काकू एकटी राहते. बाकीचे आम्ही पुणे, मुंबई, वास्को आणि लिस्बन असे पांगलेलो. स्वयंपाकघरावरचं छप्पर गेल्या पावसात बसलं. पश्चिमेच्या भिंतीला वीसेक वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा केला होता, ती भिंत आता फुगली आहे. कंत्राटदाराचं म्हणणं असं की दर्शनी भिंत तेवढी ठेवा, मागचं सगळं उतरवून पिलर आणि स्लॅब टाका. एका चुलतभावाकडे बाहेरचं गिऱ्हाईकही आलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. घर विकायचं नाही, पाडायचं नाही, आणि तिकीट लावून दाखवायचंही नाही. त्यात राहायचं आहे. हे जमण्यासारखं आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

चुनेवाला

जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो.

पश्चिमेची भिंत पावसाने फुगलेली नाही, सिमेंटने फुगली आहे. पाऊस तर आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पडतो, घर बांधलं तेव्हाही तेवढाच पडत होता. चिरा सच्छिद्र आहे. खाणीतून काढताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो, वारा लागला की घट्ट होतो, पण पाणी पितो तो पितोच. जमिनीतलं पाणी खालून वर चढतं, पश्चिमेचा पाऊस बाजूने मारतो. वर चुन्याचा गिलावा असेल तर हे सगळं पाणी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हळूहळू बाहेर पडतं. सिमेंट लावलं की बाहेरची वाट बंद. पाणी आत कोंडतं, आणखी वर चढतं, घराच्या आतल्या बाजूने ओल दिसायला लागते. पाण्याबरोबर आलेले क्षार सिमेंटच्या मागे जमतात आणि चिऱ्याचं पीठ करतात. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसत राहते.

एक करून बघा. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलाव्याने चिरा सोडलेला आहे. काढायला तिथूनच सुरुवात करायची, छिन्नी-हातोडीने. ब्रेकर मशीन लावू देऊ नका, हादऱ्याने आतल्या माती-चुन्याच्या दरजा (सांधे) सुटतात. सिमेंट निघालं की भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवा. ब्रशने क्षार झाडत राहा, पाण्याने धुऊ नका. पीठ झालेले चिरे तेवढे बदला.

मागचं पाडून स्लॅब टाकायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती सरळ खाली येणारं वजन उत्तम पेलतात. त्यांच्या शेजारी पिलर उभे केले की दोन्ही बांधकामं वेगवेगळी बसतात आणि जोडावर भेग पडते. आपल्या दमट हवेत स्लॅबमधलं लोखंड गंजतं ते वेगळंच. तुमच्या आजोबांच्या तुळया शंभरावर वर्षं टिकल्या. तीस-चाळीस वर्षांत सळ्या उघड्या पडलेले स्लॅब आपण सगळेच बघतो.

पेडण्याचो

चुनेवाल्यांशी सहमत. पण बाबांनो, भिंतीआधी छप्पर. वरून गळत असेल तर खाली सोन्याचा गिलावा केला तरी उपयोग नाही.

आमच्या लहानपणी मिरगाआधी नळे (अर्धगोल कौलं) परतायला माणसं यायची. सगळं छप्पर उतरवत नसत. एक जण वर चढून फुटका नळा काढायचा, पालापाचोळा झाडायचा, रिपा तपासायचा, खालचा माणूस नवा नळा वर फेकायचा. दोन दिवसांत घर शाकारून व्हायचं. पश्चिमेच्या भिंतीला चुडतांची, म्हणजे माडाच्या फांद्यांची, विणलेली झापं बांधायची ती वेगळी. चवथीला पाऊस ओसरला की सोडायची. घराची खरी राखण ती होती. ही वार्षिक कामं बंद पडली आणि मग लोक म्हणायला लागले की जुनी घरं टिकत नाहीत.

गिरगावकर

मूळचे आम्ही डिचोलीकडचे, आता तीन पिढ्या मुंबईत. वाचून फार बरं वाटलं. गेल्या मे महिन्यात गावच्या घराचं एक कौल हातात घेतलं, मागच्या बाजूला ठसा होता, त्यात बासेल मिशन आणि 1865 असं होतं. म्हणजे छप्पर 1865 चं धरायचं का?

चुनेवाला

नाही. 1865 हे मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला ते साल. तोच आकडा ते पुढे कित्येक वर्षं ठशात वापरत राहिले. त्यावरून कौल त्या सालानंतरचं आहे एवढंच कळतं.

पण ठशाची कौलं असतील तर जपा. मंगळुरी कौल येण्याआधी आपल्याकडे सगळीकडे अर्धगोल नळे होते, एकावर एक नुसते रचलेले. माकड चाललं की सरकणारे. मंगळुरी कौलाला खाच आहे, एक दुसऱ्यात अडकतं, त्यामुळे कमी कौलांत छप्पर होतं आणि वाऱ्याने हलत नाही. समुद्रमार्गे ती सगळ्या किनाऱ्यावर पोचली आणि मग रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या भागात गोव्यातल्या घरांचा चेहरा बदलला त्यात या कौलाचा हात आहे, ओतीव लोखंडाच्या कठड्यांचाही आहे, आणि खिडकीत शिंपल्यांऐवजी काच आली तिचाही. अंत्रुजकरांचं घर नेमकं त्या सांध्यावरचं दिसतं.

मळ्यातली

मी पणजीतल्या मळा या भागात राहते, घर सासऱ्यांच्या आजोबांचं. एक-दोन गोष्टी अनुभवाच्या सांगते, जरा वेगळ्या.

नळे परतायला माणूस मिळत नाही हे आधी मान्य करूया. पेडण्याचो लिहितात ते खरं, पण ती माणसं म्हातारी झाली आणि त्यांची मुलं हे काम करत नाहीत, का करावं त्यांनी? पडून हात मोडला तर विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही मोठा विचार करून कौलांच्या वर लोखंडी सांगाडा उभारला आणि त्यावर पत्रे घातले. दिसायला वाईट आहे, मला रोज खुपतं. पण आत लाकूड कोरडं आहे, आणि सासूबाईंना रात्री पातेली मांडत फिरावं लागत नाही.

दुसरं, तुमचं घर गावात आहे म्हणून परवानगीचा प्रश्न वेगळा येईल. पणजीत फोंताईन्हास, सांतोमे हा भाग संवर्धन क्षेत्रात येतो, तिथे दर्शनी भागाला हात लावायचा तर कॉन्झर्वेशन कमिटीपुढे जावं लागतं. त्रास होतो, पण गल्ल्या उरल्या त्या त्यामुळेच. गावातल्या बहुतेक जुन्या घरांना असलं काहीच कवच नाही. शेजारच्याने उद्या पाडलं तर कुणी विचारणार नाही. मला त्याची जास्त भीती वाटते.

चुनेवाला

मळ्यातली ताई, तुमच्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. कोरडं लाकूड महत्त्वाचं. फक्त ज्यांनी अजून पत्रे घातलेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो: पत्रा कौलांच्या खाली घालता येतो. वाशांवर पातळ पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा, त्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून पागोळीपर्यंत वाहून जातं, बाहेरून घर होतं तसंच दिसतं. कौल आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला जागा सोडावीच लागते, नाहीतर थंडीत पत्र्याच्या पोटाला पाणी धरतं आणि वासे कुजतात. आढ्यापाशीही वाट ठेवायची.

पेडण्याचो म्हणतात तो क्रम बरोबर आहे. आधी छप्पर, मग पाणी जमिनीवर कुठे जातं ते, मग भिंत. अंत्रुजकर, राजांगणातलं पाणी बाहेर जायला चिऱ्याचा पाट असेल. तो शोधा आणि मोकळा करा. बऱ्याच घरांत नंतर लादी घालताना तो बुजवतात, मग चौकातलं पाणी खांबांच्या जोत्यात मुरतं आणि खांब खालून कुजायला लागतो.

अंत्रुजकर

मंडळी, मनापासून आभार. काकूला फोन करून पाटाचं विचारलं. पाट आहे, न्हाणीच्या मागून कुळागरात (माडा-पोफळींच्या बागेत) जायचा. त्याच्या तोंडावर सिमेंटची टाकी बांधली आहे. पुढच्या रविवारी जाऊन फोडतो.

खिडक्यांचं विचारायचं राहिलं होतं. दर्शनी बाजूच्या दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. लाकडी उभ्या पट्ट्यांना खाचा आहेत, आणि तळहाताहून लहान, चौकोनी कापलेले शिंपले त्यात वरून खाली सरकवत बसवलेले. दुपारी उन्हं तोंडावर आली की आत दुधाळ उजेड पडतो, डोळ्यांना अजिबात लागत नाही. बरेच शिंपले तडकलेत. कंत्राटदार फ्रॉस्टेड काच घाला म्हणतो.

चुनेवाला

काच घालू नका. तो शिंपला प्लाकुना प्लासेंटा जातीचा, आपल्याच खाड्यांतला. दोन बाजूंनी चपटा, पातळ, उजेड आत सोडणारा. काच महाग होती आणि लांबून यायची त्या काळात गोव्यातल्या घरांनी आणि चर्चनी खिडक्यांना हाच वापरला. चिखलीच्या खाडीत तो आजही सापडतो, पण 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे नवा काढायचा विचारच नको. मिळतो तो पाडलेल्या घरांच्या जुन्या दारं-खिडक्यांतून. मडगाव-म्हापशाकडे जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे विचारून ठेवा.

पट्टी उघडताना जपून. खालची आडवी पट्टी खुंटीने बसवलेली असते, ती काढली की शिंपले एकेक करून खाली सरकतात. ब्रशने कोरडेच पुसा. आम्लाचं काहीही लावू नका, शिंपला विरघळतो. दोन खिडक्यांतले चांगले शिंपले एकत्र करून एक खिडकी पूर्ण करता आली तरी करा. दुसरीला साधी काच घाला आणि पट्ट्या तशाच राखून ठेवा, पुढे शिंपले मिळाले की बसवता येतील.

सांगेकार

सगळ्यांचं वाचलं. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण दुसरी बाजू कुणीतरी लिहायला हवी.

ही घरं भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची होती. ती उभी राहायची ती शेतीच्या, माडांच्या, पोफळीच्या उत्पन्नावर. कुळकायदा 1964 साली आला, आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळाली. ते न्यायाचंच झालं, माझे आजोबा स्वतः कूळ होते. पण त्या दिवसापासून या घरांची पोसणारी जमीन गेली आणि नुसती घरं उरली. वीस खोल्यांचं घर नोकरीच्या पगारावर कसं राखणार? आमच्या गावात एक तसंच घर होतं, आठ भावांनी हट्टाने विकलं नाही, शेवटी आढं पडलं आणि आतून उंबराचं झाड उगवलं. त्याच वाड्यावरचं दुसरं घर दिल्लीच्या एका जोडप्याने घेतलं, चुन्यात नीट दुरुस्त केलं, आज उभं आहे. मग घराच्या दृष्टीने बरं काय झालं?

मळ्यातली

सांगेकार, प्रश्न रास्त आहे आणि नीट मांडलात. घर वाचलं हे चांगलंच झालं. तरी त्या घरात आता चवथीला कोण येतं हेही विचारावंसं वाटतं. आमच्याकडे चवथीला चाळीस पानं उठतात, वर्षातून एकदाच एकमेकांना बघणारी माणसं. तीच माणसं पुढे घरावर सह्या करणार असतात. घर विकलं की ती भेटच उरत नाही.

वकीलबाय

मडगावला वकिली करते, वारसाहक्काचीच प्रकरणं जास्त. सांगेकारांनी जमिनीचं लिहिलं ते पन्नास टक्के. उरलेले पन्नास टक्के मालकीच्या गुंत्याचे आहेत.

गोव्यात 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून लागू झाला. मुलगा-मुलगी समान वारस, आणि आईवडिलांना मृत्युपत्राने फार तर अर्धी मालमत्ता आपल्या मर्जीने देता येते, उरलेली अर्धी वारसांची. मला स्वतःला या कायद्याचा अभिमान आहे. आमच्या आज्यांना हिस्सा मिळाला तो यामुळे. पण घराच्या बाबतीत परिणाम काय होतो बघा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून प्रत्येक वारसाबरोबर त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. तीन पिढ्या वाटणी झाली नाही तर एका घराला पन्नास-साठ मालक सहज होतात. त्यातले निम्मे परदेशात, काहींनी घर पाहिलेलंही नाही. दुरुस्तीसाठी खर्च करणाऱ्याला भीती असते की मी पैसे घालीन आणि उद्या हिस्सा सगळ्यांचा. मग कुणीच घालत नाही. दाराला कुलूप लागतं, आणि कुलूप लागलेल्या घराचा एक फुटका नळा पाच वर्षांत तुळई खातो.

मडगावचं सात बुर्झांचं घर सगळ्यांना माहीत आहे, 1790 च्या सुमाराचं. एकेकाळी ओळीने सात उभी छपरं होती म्हणून ते नाव पडलं. आज तीनच आहेत. उलट चांदरचं ब्रागांझांचं घर बघा. दोन शाखांत वाटलेलं आहे, प्रत्येक पंखाचा कारभार वेगळा, पण दर्शनी भाग एकच राहिला, इतक्या खिडक्यांची ओळ कुठे तुटलेली नाही. वाटणी झाली म्हणजे भिंत घालायलाच हवी असं नाही.

अंत्रुजकर, तुमच्यासाठी सरळ रस्ता असा. आधी कागद गोळा करा: एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद), सर्व्हेचा नकाशा, जुनी मात्रीझ (मालमत्तेची करनोंद) आणि पोर्तुगीज काळातली नोंदणी असेल तर ती. मग वारस ठरवणारं सक्सेशन डीड. सगळे राजी असतील तर वाटणीचं डीड करून घर दोघा-तिघांच्या नावावर आणा, बाकीच्यांना जमीन किंवा रक्कम द्या. राजी नसतील तर कोर्टात इन्व्हेंटरी. आता त्याला 2012 चा उत्तराधिकार आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे, डिसेंबर 2016 पासून लागू झालेला. त्यात मालमत्तेची यादी आणि किंमत ठरते, वारस आपसात बोली लावतात, ज्याची जास्त त्याला घर, आणि तो इतरांना हिश्शाची रक्कम देतो. म्हणजे ज्याला घर खरंच हवं आहे त्याला ते घेण्याचा मार्ग कायद्यात आहे.

आणि एक. दुरुस्ती आता सुरू करणार असाल तर सगळ्या वारसांकडून साधं संमतिपत्र घ्या, कोण किती खर्च करतोय आणि तो वाटणीत कसा धरायचा हे लिहून. पुढची दहा वर्षांची भांडणं वाचतात.

गिरगावकर

वकीलबाय, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या सगळ्या चुलत्यांना पाठवतोय.

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, 1872 साली लोकांसाठी उघडलेलं. भाऊ दाजी आपल्या पेडण्यातल्या मांद्रयाचे, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी खूप खटपट केली. 1975 साली त्यांचं नाव दिलं गेलं. मी पाहिलेलं ते संग्रहालय ओल आलेलं, रंग उडालेलं होतं. 2003 पासून दुरुस्ती झाली, 2005 साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आतले ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी वर्ख, छताची नक्षी जुन्या पद्धतीने नीट केली आहे. मुंबईत येणाऱ्या प्रत्येक गोंयकाराने बघावं. महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि एक खाजगी ट्रस्ट एकत्र आले म्हणून ते झालं. खाजगी घराच्या मागे असं कोण उभं राहणार, हा माझा प्रश्न आहे.

चुनेवाला

पैशाने फारसं कुणी उभं राहत नाही, हे सरळ सांगतो. संरक्षित स्मारकांच्या यादीत देवळं, चर्च, किल्ले आहेत. राहती घरं मालकाच्या जिवावरच. पण माहितीने उभे राहणारे आहेत. गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुपचं काम आहे. तोर्ड्याला आर्किटेक्ट जेरार्ड द कुन्हा यांनी केलेलं गोव्यातल्या घरांचं संग्रहालय आहे. दुरुस्ती काढायच्या आधी अंत्रुजकरांनी काकूंना घेऊन तिथे एक चक्कर मारावी. आपल्या घरातल्या कुठल्या वस्तूचं काय मोल आहे ते कळतं. केप्याचा डीनचा वाडाही बघा, 1787 चा, पडक्या अवस्थेतून मालकांनी उभा केला. ते आधी कळवून येणाऱ्यांना घर दाखवतात, जेवायला घालतात, त्यातून घराचा खर्च निघायला हातभार लागतो.

खर्च आवाक्यात आणायचा तर सगळं घर एका वर्षात करायचं मनातून काढून टाका. पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि पाण्याचे मार्ग. दुसऱ्या वर्षी पश्चिमेची भिंत उघडायची. गिलावा तिसऱ्या वर्षी झाला तरी चालेल, उघडा चिरा एक पावसाळा झापांच्या आड सहज काढतो.

गिलाव्याचं थोडक्यात. कळीचा चुना आणून खड्ड्यात विरवायचा, वर सतत पाणी ठेवायचं, जितका जुना तितका लोण्यासारखा होतो. निदान काही आठवडे तरी. रेती गोड्या पाण्याची आणि धुतलेली, एक चुना तीन रेती. ओलीच्या जागी थोडी विटांची सुरखी, म्हणजे भुकटी. जुने गवंडी गुळाचं पाणी घालतात, घालू द्या. पातळ थर द्यायचे, पहिला आवळल्याशिवाय दुसरा नाही, आणि वर ओली गोणपाटं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, त्याला घाई चालत नाही. उन्हात पटकन वाळवला तर बोटाने खरवडला जातो. म्हणून हे काम दसऱ्यानंतर काढायचं, एप्रिलच्या कडाक्यात नाही. शेवटी रंगही चुन्याचाच. पिवळ्याला पिवडी, तांबड्याला हिरमुंजी. प्लॅस्टिक पेंट लावलात तर एवढं केलेलं सगळं पुन्हा कोंडलं.

पेडण्याचो

लाकडाचं राहिलं. स्वयंपाकघरावरचे वासे बदलताना सगळे सरसकट फेकू नका. भिंतीत बसलेलं टोक कुजतं, मधलं लाकूड बहुतेक वेळा लोखंडासारखं असतं. कुजलेलं टोक कापून तेवढाच तुकडा जोडणारे सुतार अजून आहेत. किंदळ, माट्टी, फणस, जे होतं त्याच जातीचं घाला. आणि चूल बंद केली असेल तर लक्षात ठेवा, धुराने त्या वाशांना वाळवी लागत नव्हती. गॅस आला, धूर गेला, आता दरवर्षी वाळवीचं औषध हवंच.

सांगेकार

चुनेवाल्यांनी तीन वर्षांत कामं वाटून दिली हे मला पटलं. पगारदार माणसाला झेपेल असं काहीतरी पहिल्यांदाच वाचतोय. विकण्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, जिथे राहणारं कुणीच नाही तिथे घर चांगल्या हातात गेलेलं बरं. पण तुमच्याकडे काकू आहेत. राहतं माणूस आहे तोवर दुरुस्ती करायलाच हवी.

अंत्रुजकर

काल रात्री सगळ्या भावंडांची व्हिडिओवर बैठक झाली. वकीलबायचा प्रतिसाद मी आधीच सगळ्यांना पाठवला होता, त्यामुळे बोलणं भावनांवरून कागदांवर लवकर आलं. लिस्बनची चुलतबहीण सर्वांत आधी संमतिपत्राला तयार झाली. विकायचं म्हणणारा भाऊ म्हणाला, वाटणी स्वच्छ होणार असेल तर मला घाई नाही, माझा हिस्सा मी पैशात घेईन. सक्सेशन डीडचं काम वास्कोच्या भावाने अंगावर घेतलं आहे. चवथीला सगळे येतीलच, तेव्हा सह्या.

कंत्राटदाराला नाही सांगितलं. या मे महिन्यात स्वयंपाकघरावरचं छप्पर, चुनेवाल्यांनी सांगितलं तसा कौलांखाली पत्रा, आणि कुळागरापर्यंतचा पाट. पश्चिमेच्या भिंतीला यंदा झापं. काकूची एकच अट आहे, काम चालू असताना ती दुसरीकडे राहायला जाणार नाही. तिला देवघरात रोज दिवा लावायचा असतो, म्हणून त्या बाजूचं काम सगळ्यात शेवटी.

चुन्याचा गवंडी मात्र फोंड्याच्या आसपास सापडत नाही. कुणाला ठाऊक असल्यास कळवा.

मळ्यातली

आमच्या गल्लीत दोन घरांचं काम केलेला एक गवंडी आहे, बार्देशातला. त्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. त्याच्या हाताखाली त्याचा भाचा शिकतोय, दोघांनाही बोलवा. आणि भिंत दाखवायची तर पावसात दाखवा. ओल कुठवर चढते ते त्याला तेव्हाच नीट कळेल.